फारुकी घराण्यातील उत्तराधिकार : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
खानदेशावर इ.स. 1382 ते 1601 या काळात फारुकी घराण्याची सत्ता होती. या घराण्यातील वारसातंटे हे त्याच्या दुर्बलतेचे लक्षण होय, असा सूर प्रचलित लेखनात आढळतो. हे मत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उत्तराधिकाराचे स्वरूप :
1399 मध्ये मलिक राजाच्या मृत्यूनंतर राज्य दोन पुत्रांत विभागले गेले. धुळ्यालगतचा लळिंग नासीरखानाकडे, तर थाळनेर धाकट्या पुत्राकडे राहिले. 1417 मध्ये नासीरखानाने माळव्याच्या साहाय्याने थाळनेर घेतले. पुढे 1508 मध्ये दाऊदखानाच्या मृत्यूनंतर अहमदनगरने एका दावेदाराचा, तर गुजरातच्या महमूद बेगड्याने आदिलखानाचा पक्ष घेतला. 1509 मध्ये आदिलखान गादीवर आला. यावरून असे दिसते की, ज्येष्ठत्वाचा नियम बंधनकारक नव्हता. राजकुळातील कोणताही पुरुष पात्र होता आणि निर्णय शेजारील सत्तांच्या बळावर होत असे. म्हणून या तंट्यांना केवळ गृहकलह म्हणणे अपुरे ठरते.

साधनांची चिकित्सा :
या प्रसंगांसाठी आपण मुख्यतः फिरिश्त्यावर विसंबतो. तो अहमदनगर व विजापूर दरबारांच्या आश्रयाने राहिलेला, म्हणजे खानदेशाबाहेरचा इतिहासकार होता. घराण्याची स्वतःची बाजू बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील शके 1511 च्या संस्कृत शिलालेखात मिळते. त्यातील वंशावळीत केसरखान व हसन या कधीही राज्य न केलेल्या पुरुषांची नावे आहेत. नासीरखानानंतर 1437 ते 1508 या काळात गादीवर असलेल्यांची नाहीत. ही राजांची यादी नसून पितापुत्रांची परंपरा आहे. मात्र हा लेखही निःपक्षपाती नाही. तो कोरविणारा आदिलशाह ऊर्फ राजा अलीखान 1576 मध्ये भावाच्या अल्पवयीन पुत्रास डावलून सत्तेवर आला होता. अखंड पितृपरंपरा सांगून त्याने हा प्रश्न झाकला.

तौलनिक विचार :
प्राचीन श्युंग्नू भटक्या टोळ्यांतही इ.स.पू. 126 मध्ये जुनचेनच्या मृत्यूनंतर त्याचा भाऊ यीझिशे याने पुतण्यास हटवून शान्यूपद घेतले. तो वृत्तान्तही चिनी इतिहासकारांनी, म्हणजे परक्यांनीच लिहिला. परक्याच्या लेखणीतून आलेल्या राजकुळास ‘अस्थिर’ ठरविणे सोपे असते. मात्र श्युंग्नूंचा स्वतःचा लेख उपलब्ध नाही. फारुकींचा आहे, हा महत्त्वाचा भेद होय.

निष्कर्ष :
वारसातंटे असूनही हे छोटे राज्य गुजरात, माळवा व अहमदनगर यांच्या मध्ये दोनशेहून अधिक वर्षे टिकले. दुर्बलतेच्या सिद्धान्ताने या वस्तुस्थितीचा उलगडा होत नाही. प्रादेशिक इतिहास शिकविताना राजांची यादी पाठ करून घेण्याऐवजी फिरिश्ता व शिलालेख समोरासमोर ठेवून विद्यार्थ्यांना वाचावयास देणे अधिक उचित ठरेल. थाळनेरच्या फारुकी कबरी तर आपल्याच जिल्ह्यात आहेत. अभ्यासाचा प्रारंभ तेथून व्हावा.