आईची कूस आणि शाळेचा बाक

जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मुलाच्या मनोस्वास्थ्याचे मूळ आईच्या किंवा मातृस्थानी असलेल्या व्यक्तीच्या सहवासात शोधले. मायेला पारखे झालेले मूल का बिथरते, हे त्यामुळे कळू लागले, हे मान्यच. पण ह्या विचाराने दिवसभर राबणाऱ्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले; तिला राबवणारी व्यवस्था मात्र मोकळी सुटली. पुढे १९६९ च्या सुमारास लंडनच्या हॅकनी भागात मार्जोरी बॉक्सॉल यांनी हा प्रश्न शाळेच्या दारात आणला. दहा-बारा मुले, दोन मोठी माणसे, एकत्र न्याहारी. शिक्षक मित्रांनो, छडी उचलण्यापूर्वी एवढेच विचारा: ह्या वर्गात त्या मुलाचे कोण आहे?