दुसऱ्याचा डाव बघताना

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला आधीच गाठून विचारलं, की कथा, नाटक, सिनेमा सोडून तुम्ही हे कुठं वळलात? कुणीतरी एक माणूस व्हिडिओ गेम खेळतोय आणि हजारो लोक तासन् तास ते बघत बसलेत, यात समीक्षेनं बोलण्यासारखं काय आहे? मला वाटतं, आहे. लोक इतक्या आवडीनं एखादी गोष्ट बघायला बसतात, तेव्हा ते नेमकं काय बघतात हे विचारणं समीक्षेचंच काम आहे. आणि त्यात चांगलं कोणतं, टाकाऊ कोणतं, हेही कुणीतरी सांगायला पाहिजे. नाहीतर आपण 'हल्लीची मुलं' एवढं म्हणून मोकळे होतो.

सुरुवात घरातल्या एका प्रसंगानं करतो. माझी भाची कॉलेजात शिकते. दिवाळीत आमच्याकडे राहायला आली होती. एकदा रात्री उशिरा पाणी प्यायला उठलो, तर ही लॅपटॉप उघडून बसलेली. 'आउटर वाइल्ड्स' नावाचा गेम कुणीतरी परदेशातली मुलगी खेळत होती आणि ही बघत होती. मी म्हटलं, "हा गेम तुझ्याकडे नाही का?" तर म्हणाली, "आहे की मामा. मागच्या वर्षीच संपवला." म्हटलं, "मग पुन्हा खेळ ना, दुसऱ्याचा कशाला बघतेस?" त्यावर ती म्हणाली, "तोच तर प्रॉब्लेम आहे. हा पुन्हा खेळता येत नाही."

हे नीट समजून घ्यायला हवं. हा गेम २०१९ साली आला. एक छोटीशी सूर्यमाला आहे, तुम्ही तिथले अंतराळवीर. बावीस मिनिटं झाली की सूर्याचा स्फोट होतो, सगळं संपतं, आणि तुम्हाला पुन्हा त्याच शेकोटीपाशी जाग येते. गंमत अशी, की या गेममध्ये तुमची ताकद वाढत नाही, नवी शस्त्रं मिळत नाहीत. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत तुमच्याबरोबर येतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. अमुक ग्रहावर कसं उतरायचं, तमुक दार कधी उघडतं, हे कळणं हीच तिथली किल्ली. सगळं माहीत असलेला माणूस हा गेम फार थोड्या वेळात संपवू शकतो. म्हणजे एकदा कळलं की खेळण्यासारखं काही उरत नाही.

भाची पुढं म्हणाली, "मला ते कळणं आता परत मिळणार नाही. पण हिला अजून कळायचंय. हिला कळेल ना, तेव्हा मला तिथं असायचंय."

या उत्तरानं माझी अडचण केली. कारण माझ्याकडे तीन तयार उत्तरं होती. पहिलं, ही मंडळी आळशी आहेत, खेळायचेही कष्ट नकोत. दुसरं, शिकण्यासाठी बघतात, म्हणजे क्लास लावल्यासारखं. तिसरं, एकटेपणा. तिन्हीत थोडंथोडं तथ्य आहे. पण माझी भाची आळशी नव्हती, तिनं तो गेम स्वतः पुरा केला होता. शिकायचं तिला काही उरलं नव्हतं. आणि घर माणसांनी भरलेलं असताना ती एकटी तरी कशी म्हणायची? मग ती काय बघत होती?

थोडा इतिहास पटकन सांगून टाकतो. हा प्रकार लोक समजतात तितका नवा नाही. दक्षिण कोरियात १९९८ नंतर 'स्टारक्राफ्ट' या गेमचं वेड लागलं, आणि २००० साली तिथं गेमच दाखवणारं 'ऑनगेमनेट' हे टीव्ही चॅनेल सुरू झालं. कॉमेंटेटर, प्रेक्षक, पगारी खेळाडू, सगळा सरंजाम. 'ट्विच' ही घरबसल्या आपला गेम जगाला दाखवायची सोय २०११ ची. तीनच वर्षांत, २०१४ साली, अॅमेझॉननं ती सुमारे ९७ कोटी डॉलरला विकत घेतली. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला, पब्जी आला, आणि गावोगावची मुलं हे बघायला लागली. इतिहास एवढा पुरे. धंदा मोठा आहे हे त्यातून कळतं, पण रस कशात आहे ते कळत नाही.

रसाकडं येऊ. मी दोन नमुने घेतो, मुद्दाम दोन टोकांचे.

पहिला नमुना अव्वल खेळाचा. अमेरिकेत 'इव्हो' नावाची स्पर्धा होते, मारामारीच्या गेम्सची. २००४ साली तिथं जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांचा 'स्ट्रीट फायटर थ्री'चा सामना झाला. दाइगोची शक्ती संपत आली होती. इतकी, की आलेला वार नुसता अडवला तरी तो हरणार, कारण त्या वाराला अडवतानाही थोडी शक्ती जाते. आणि वाँगनं पंधरा फटक्यांचा हल्ला सोडला. या गेममध्ये एकच सुटका आहे. फटका लागायच्या नेमक्या क्षणी दांडी पुढं ढकलायची, म्हणजे मार चुकवायला मागं न जाता मारणाऱ्याच्या दिशेनंच जायचं. अंदाज जरासा चुकला की खेळ खलास. दाइगोनं ते पंधराही वेळा केलं, आणि उलटून वार करून सामना जिंकला.

त्याची चित्रफीत आजही बघितली जाते. मला त्यातला प्रेक्षकांचा आवाज महत्त्वाचा वाटतो. ज्याला हा गेम माहीत नाही त्याला दोन बाहुल्या लाथा मारताना दिसतील, बाकी काही नाही. पण तिथली माणसं हल्ला पुरा व्हायच्या आधीच ओरडायला लागली आहेत. काय चाललंय हे त्यांना कळलंय. गाण्याच्या मैफिलीत गवई अवघड तान घेऊन समेकडं यायला लागतो आणि सम यायच्या आधीच जाणकारांच्या माना हलायला लागतात, तसंच हे. ते स्वतः गवई नसतात. पण ही जागा किती अवघड आहे हे त्यांच्या अंगाला ठाऊक असतं. जाता जाता सांगतो, दाइगो पुढं त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरला. तो कुणाकडून हरला हे बहुतेकांना आठवतही नाही.

आता दुसरं टोक. जपानमध्ये २००३ पासून 'गेमसेंटर सीएक्स' नावाचा टीव्ही कार्यक्रम चालू आहे. शिन्या अरिनो नावाचा विनोदी नट एका खोलीत बसतो आणि जुने, अवघड गेम पुरे करायचा प्रयत्न करतो. आणि हा माणूस खेळात चक्क यथातथाच आहे. तीच उडी तो वीसदा चुकतो. तास उलटतात. डोकं तापलं की कपाळाला थंड पट्टी चिकटवून पुन्हा बसतो. फारच अडलं तर कार्यक्रमातली मदतनीस मुलं येऊन त्याला हात देतात. कधी जमतं, कधी दिवस संपला तरी जमत नाही. ऑफिसात नेमून दिलेलं काम करावं तसा तो खेळत राहतो. कार्यक्रमात त्याला म्हणतातच 'काचो', म्हणजे आपल्याकडचे सेक्शन ऑफिसर म्हणा. या कार्यक्रमावर लोकांनी वीस वर्षांहून जास्त प्रेम केलंय.

म्हणजे बघा, एक कमालीचा चांगला खेळणारा आणि एक यथातथा खेळणारा. आनंद दोन्हीकडे. तेव्हा आनंदाचं मूळ कौशल्यात आहे असं म्हणता येत नाही. मग दोन्हीकडे समान काय आहे? माझ्या मते एकच गोष्ट समान आहे. पुढं काय होणार हे ठाऊक नसलेला माणूस आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी ठरवतो, आणि ते चुकू शकतं. आउटर वाइल्ड्स खेळणारी ती मुलगीही तेच करत होती.

इथं मला आपल्याच समीक्षेतली एक जुनी कल्पना उपयोगी पडते. न. चिं. केळकर १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. वाङ्मयाचा आनंद कशात असतो, याचं उत्तर देताना त्यांनी 'सविकल्प समाधी' हा शब्द वापरला. सोप्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचं, पण आपली भूमिका सुटू द्यायची नाही. मी तो आहे, आणि मी तो नाही, हे दोन्ही एकाच वेळी. पुढं या सिद्धान्तावर बराच वाद झाला, त्यात आज शिरत नाही. पण केळकरांनी पाहिलीही नसेल अशा या गोष्टीला तो शब्द किती चपखल बसतो बघा.

स्वतः खेळताना तुम्हाला हे सुख नाही. हात गुंतलेले असतात, डोळे पुढच्या संकटावर असतात. आपण काय सुंदर केलं हे बघायला सवड नसते. बघणारा मात्र दोन्ही ठिकाणी असतो. बोटं त्याचीही आखडतात, "अरे डावीकडे, डावीकडे!" असं तो ओरडतो, आणि तरी मागं रेलून हेही बघू शकतो की हा माणूस घाबरला की कसा हसतो. माझी भाची तर आणखी एक पाऊल पुढं होती. तिला पुढचं सगळं ठाऊक होतं. आपण बघितलेला सिनेमा मित्राला दाखवायला नेतो आणि पडद्यापेक्षा जास्त त्याच्या तोंडाकडं बघतो, तसं ती त्या परक्या मुलीच्या रूपानं स्वतःचंच न-कळलेपण पुन्हा बघत होती.

हे मान्य केलं की चांगलं-वाईट ठरवायला एक कसोटी हाती येते. ती लावून बघू.

स्लॉट मशीनचा जुगार लाइव्ह दाखवणारे लोक आहेत. लाखोंनी ते बघितलंही गेलं. पण स्लॉटमध्ये खेळणारा काय ठरवतो? बटण दाबायचं, बस. तिथं माणूस बाजूला पडतो आणि उरतो फक्त पैसा. अशा काही जुगारी साइट्सवर ट्विचनं २०२२ साली बंदी घातली, ती वेगळ्या कारणांनी. पण माझं म्हणणं, बघण्याची गोष्ट म्हणूनही ते पोकळ आहे.

दुसरं, खोटं आश्चर्य. व्हिडिओच्या चित्रावर वासलेलं तोंड, वटारलेले डोळे. ज्याला पुढचं ठाऊक आहे तो ठाऊक नसल्याचं सोंग करतो. नाटकात सोंग चालतं, कारण ते सोंग आहे हा करारच असतो. इथं करार उलटा आहे, म्हणून ही फसवणूक होते.

तिसरं जरा नाजूक आहे. बघणारा पैसे पाठवतो, खेळणारा खेळ थांबवून त्याचं नाव घेतो, आभार मानतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ सालीच टीव्हीबद्दल लिहिताना या एकतर्फी जवळिकीचं वर्णन केलं होतं. पडद्यावरचा माणूस माझ्याशीच बोलतोय असं मला वाटतं, त्याला मात्र मी माहीतही नसतो. टीव्हीवर ही जवळीक विकत मिळत नव्हती, आता मिळते. नाव घेतलं की बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. एकट्या माणसाला तर फारच. पण दर दोन मिनिटांनी खेळणाऱ्याची नजर डावावरून उठून पैशांच्या यादीकडे जायला लागली, की बघण्यासारखं काय उरतं? ज्या माणसाला आपण बघायला आलो तोच तिथून गेलेला असतो.

कुणी म्हणेल, अनेक लोक स्वयंपाक करताना, झोपताना हे नुसतं मागं लावून ठेवतात, त्यांचं काय? बरोबर आहे. ती सोबत आहे, रेडिओसारखी. माझा सिद्धान्त त्यांना लागू होत नाही, आणि व्हायलाच पाहिजे असंही नाही.

इथं थांबतो. एखाददुसरा प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, माझा मुलगा नववीत आहे. रोज दोन-तीन तास हेच बघतो. तुमचं ऐकून मी त्याला काय सांगू? बघ म्हणून?

उत्तर : नाही, नववीतल्या मुलाला रोज तीन तास जास्तच आहेत. ते माझ्या भाषणानं कमी ठरत नाहीत. पण ताई, एक करून बघा. एकदा त्याच्या शेजारी बसा आणि काय चाललंय ते समजावून द्यायला सांगा. कोण खेळतोय, आता काय अडलंय, तो काय करेल, तू असतास तर काय केलं असतंस. तो भडाभडा सांगायला लागला, तर तो खरोखर बघतोय असं समजा. मग फक्त वेळेचं बोला, बघण्याचं नको. आणि त्याला काहीच सांगता आलं नाही, नुसतं एकामागून एक चालूच असेल, तर तो बघत नाहीये, अडकलाय. त्या दोन मुलांशी दोन वेगळ्या प्रकारे बोलावं लागेल. आपण मात्र खोलीच्या दारातूनच ओरडतो, त्यामुळं आपला मुलगा यातला कोणता हे आपल्याला कळतच नाही.