देवाची गोष्ट, राक्षसाचा गळा

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर कानाला उसंत नसते. दुर्गेश्वरीचा मांडव, ताशे, रांगेतल्या पोरांच्या पिपाण्या. या गोंगाटात मी हेडफोन लावून ‘दशावतार’ ऐकत होतो. पेटी-मृदंगाचा नव्हे; मुंबईच्या डेमोनिक रिझरेक्शन या मेटल बँडचा, 2017 चा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत क्रमाने दहा अवतार, दहा गाणी. शब्द इंग्रजी.

साहिल मखिजाने 2000 साली उभा केलेला हा बँड. 2010 मध्ये तो ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजला, त्याच वर्षी चेक प्रजासत्ताकात जुन्या किल्ल्यात भरणाऱ्या ब्रुटल असॉल्टमध्ये, आणि 2014 ला उत्तर जर्मनीतल्या वाकेन गावी. एवढंसं खेडं, पण मेटलवाल्यांची पंढरी. तिकडचे बँड आपले देव, ओडिन आणि थॉर, घेऊन उभे राहतात. त्यांच्यापुढे मुंबईकराने काय न्यायचं? माझा आपला तर्क, ‘दशावतार’चं बीज या दौऱ्यांत पडलं असावं. परमुलखात गेल्यावर माणसाला घरचे देव आठवतात.

आमचे शेजारी काका वेंगुर्ल्याचे. काय ऐकतोस म्हणून एक कान त्यांनी मागितला. ‘मत्स्य’ लागलं होतं. खर्जातला तो गुरगुराट ऐकून म्हणाले, “अरे, ह्यो तर आमचो संकासूर!”

काका सहज बोलले, पण नेमकं बोलले. कोकणातल्या दशावतारी खेळाच्या सुरुवातीला, आडदशावतारात, वेद चोरणारा संकासूर आधी येतो. त्याला मारायला विष्णू. काळ्या बुरख्यातला तो असुर आला की पेंगणारी पोरंही उठून बसतात, ती शेवटी दहीकाला फुटेपर्यंत. इथेही मत्स्यच पहिला, आणि त्याची गोष्ट सांगणारा गळा असुराचा. बँडच्या नावातच राक्षस आहे म्हणा!

खरी कमाल मला ‘नरसिंह’मध्ये वाटते. हा गुरगुराट, म्हणजे ग्राउल, घसा फाडून ओरडणं नव्हे. त्यात स्वरतंतूंच्या वरचे पडदे थरथरवतात, म्हणून तो आवाज धड माणसाचा लागत नाही, धड जनावराचा नाही. हिरण्यकशिपूने नेमकं हेच तर मागून घेतलं होतं: माणसाकडून मरण नको, पशूकडून नको. वराच्या फटीतून निसटणारा देव असाच बोलणार. या बँडमध्ये ग्राउलच्या जोडीला सरळ सुरातलं गाणंही असतं. सिंहाची आयाळ आणि माणसाचं धड असं एकाच देहात नांदताना कानाला दिसतं.

‘वामन’ मात्र मला पटत नाही. त्या गोष्टीची गंमत बटूच्या बुटकेपणात आहे; आधी चिमुकलं पाऊल, मग आभाळ. या संगीतात लहान असं काही नसतंच. दोन्ही पायांनी बडवलेला बास ड्रम सुरू झाला की बटू पहिल्याच ठोक्याला त्रिविक्रम होतो, बळीला फसायला जागाच उरत नाही. शब्दही हाती कागद असल्याशिवाय कळत नाहीत. पण दशावतारातलं तारस्वरातलं पद तरी मागच्या रांगेत कुठे कळतं?

‘परशुराम’ संपलं तेव्हा मी हेडफोन परत मागितला. काकांनी तोवर दुसरा कानही घेतला होता. हात झटकत म्हणाले, “थांब रे. धयकालो फुटल्याशिवाय उठूचा नाय.”