चित्रं आपली, खेळ कोणाचा?

खाली धरणाचं पाणी, मागे डोंगर आणि विषय काय, तर जपानी व्हिडिओ गेम! हसू येणारच. पण सुरुवात आपण पुण्यापासून करू.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. आधी निन्टेन्डोच्या स्विचवर, मग इतरत्र. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी या मंडळींनी तो पुरा केला. दिसायला देखणा. पहाडी शैलीची चित्रं, राजस्थानी वाडे, सावल्यांच्या बाहुल्या. कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. राजी भिंतीसमोर थांबते, भिंतीवर चित्र असतं आणि देव आपल्याला पुराणातली गोष्ट सांगतात. आपण काय करतो? ऐकतो. मग पुढे जाऊन उड्या आणि मारामारी, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या वळणाची. म्हणजे आपलेपणा चित्रात राहिला, खेळाच्या नियमात फारसा उतरला नाही.

आता जपानकडे बघा. शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबेच्या रानात भटकायचे, तिथे त्यांना गुहा सापडली. १९८६ च्या ‘झेल्डा’त त्यांनी सोनोबेचं चित्र काढलं नाही. पहिल्याच पडद्यावर एक काळं भोक ठेवलं. आत शिरलात तर तलवार मिळते, नाही शिरलात तर तसेच चालू लागा, कोणी अडवत नाही. गुहेसमोर उभ्या पोराची धाकधूक त्यांनी नियमात आणली.

सातोशी ताजिरींचं तेच. किडे गोळा करणारा मुलगा. त्याचा १९९६ साली ‘पोकेमॉन’ झाला. दोन आवृत्त्या काढल्या, रेड आणि ग्रीन. काही प्राणी एकीतच, काही दुसरीतच. संग्रह पुरा करायचा तर वायर जोडून मित्राशी अदलाबदल करायलाच हवी! आणि हे कशावर? सात वर्षं जुन्या गेम बॉयवर, ज्याला धड रंगसुद्धा नव्हते. गेम बॉयमागचे गुनपेई योकोई म्हणायचेच, की जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि ते वेगळ्याच कामाला लावा. म्हणून ‘आपल्याकडे पैसा नाही’ ही सबब मला अर्धीच पटते. अर्धी, कारण निन्टेन्डोसारखं घर पाठीशी असणं आणि पुण्यातली छोटी टोळी असणं यात फरक आहेच.

पण राजीतही एक जागा आहे हं. ती डोंबारी खेळ करणारी पोर, खांबाला धरून गिरकी घेते आणि राक्षसाला हाणते. मला तिथे मल्लखांब दिसला. तिथे कोणी काही सांगत नाही, आपल्याच बोटांना ते कळतं. अख्खा गेम त्या खांबाभोवती रचला असता तर?

आपला मोक्षपट आठवा. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. प्रवचन नाही, फासा टाका, कळेल. ही रीत आपल्या घरातच होती. या धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, बुडालेली जमीन वर येते, पावसात पुन्हा झाकते. त्यावर गेम करायचा तर नियम काय ठेवाल? चहानंतर मला तेवढंच सांगा. चित्रं नंतर बघू.