पाव भाग छापला, बाकीच्याचं काय?

‘इन्स्ट्रुमेंट्स’ या नियतकालिकात २०२१ साली एक शोधनिबंध आला. कणत्वरकाचा अगदी पहिला टप्पा असतो, आरएफक्यू. त्याचा एक तुकडा शुद्ध तांब्यात थ्रीडी प्रिंटिंगने बनवला, अशी ती बातमी. रीगा तांत्रिक विद्यापीठ, सर्न, मिलानचं पॉलिटेक्निक, जर्मनीतली फ्राउनहोफर संस्था आणि ट्रम्फ कंपनी अशी मंडळी त्यात आहेत. युरोपच्या ‘आय.फास्ट’ प्रकल्पातलं हे काम. निबंध मन लावून केलेला आहे. माझी तक्रार आहे ती त्यातल्या एका शब्दाबद्दल, आणि त्याहून जास्त तो निबंध ज्या पद्धतीने वाचला जातोय त्याबद्दल.

वाचला जातोय तो असा: त्वरक आता प्रिंटरमधून निघणार, स्वस्त होणार, मग कॅन्सरची मशिनं जिल्ह्याजिल्ह्यात. सेमिनारमध्ये हे ऐकलंय, मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमध्येही वाचलंय. बोरीत बसून हे वाक्य ऐकायला फार गोड वाटतं. आमच्याकडे कुणाला लाइट घ्यायला सांगितले, की संभाजीनगर, बार्शी, नाहीतर सरळ मुंबईचं टाटा. आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे, म्हणजे भाड्याची खोली, सोबतीला एक माणूस आणि शेत वाऱ्यावर. ज्या मशिनमधून हे ‘लाइट’ देतात तोही एक छोटा त्वरकच असतो. म्हणून हा दावा खरा किती, हे नीट बघायला हवं.

आधी आरएफक्यू म्हणजे काय ते. आयन स्रोतातून प्रोटॉन निघतात ते हळू आणि विस्कळीत असतात. आरएफक्यूत तांब्याची चार पाती समोरासमोर उभी असतात, आणि पात्यांच्या काठावर बारीक लाटा कोरलेल्या असतात. आत रेडिओलहरी सोडल्या की त्या लाटांमुळे प्रोटॉन एकत्र राहतात, त्यांचे गठ्ठे बांधले जातात आणि वेगही वाढतो. ट्रॉम्ब्यात भाभा अणुसंशोधन केंद्राने लेहिपा नावाचा प्रोटॉन त्वरक बांधलाय. त्यातला आरएफक्यू ४ मीटर लांब आहे आणि ३५२ मेगाहर्ट्झवर चालतो. आत शिरणारा ५० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रोटॉन बाहेर पडतो तेव्हा ३० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा झालेला असतो. सर्नने प्रोटॉन उपचारांसाठी केलेला आरएफक्यू याहून लहान: २ मीटर, ७५० मेगाहर्ट्झ. युरोपच्या गटाने छापला तो ७५० मेगाहर्ट्झच्या आरएफक्यूचा पाव भाग, म्हणजे चारातलं एक पातं आणि त्याच्या मागची भिंत.

आता तांब्याकडे येऊ. बोरीच्या बाजारात पाण्याच्या मोटारी भरणाऱ्या कारागिराला विचारा, तांब्याची तार चांगली कशाला म्हणायची ते तो बरोबर सांगेल. पण त्याच्या तारेत ५० हर्ट्झची वीज असते आणि ती तारेच्या पूर्ण जाडीतून वाहते. वारंवारता वाढली की वीज पृष्ठभागाकडे सरकते. ५० हर्ट्झला ती तांब्यात साधारण ९ मिलिमीटर खोल जाते, ३५२ मेगाहर्ट्झला साडेतीन मायक्रॉन, ७५० मेगाहर्ट्झला अडीचपेक्षाही थोडी कमी. केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरा. म्हणजे आरएफक्यूचं तांबं दोन-चार इंच जाड असलं, तरी विजेच्या दृष्टीने खरं काम वरचा तो पापुद्राच करतो. बाकीचं तांबं आकार धरायला आणि उष्णता पाण्यापर्यंत न्यायला.

कुलाब्याला टीआयएफआरमध्ये जड आयनांचा अतिवाहक लिनॅक आहे. त्याचे अनुनादक तांब्याचेच, पण आतून शिशाचा मुलामा दिलेले. थंड केल्यावर काही मायक्रॉनचं ते शिसं अतिवाहक होतं आणि सगळी वीज त्याच्यातून वाहते. कल्हईवाल्याला हे समजावायला दोन मिनिटं लागणार नाहीत: भांडं तांब्याचं असलं तरी अन्नाला लागते ती कल्हई.

अडचण इथेच आहे. छपाईत तांब्याच्या भुकटीचा पातळ थर पसरतात, लेसरने हवा तेवढा भाग वितळवतात, मग वर दुसरा थर. तांबं अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा परतवतं, जेमतेम ५ टक्के शोषतं. म्हणून इथे ५१५ नॅनोमीटरचा हिरवा लेसर वापरला, जो त्याच्या कितीतरी पट जास्त शोषला जातो. ही सुधारणा खरोखर मोठी आहे. पण भुकटीचे कण वीस-तीस मायक्रॉनचे, त्यामुळे छापून निघालेली भिंत खरखरीत असते. वीज अडीच मायक्रॉनच्या पापुद्र्यातून जाणार आणि त्या पापुद्र्यात डोंगरदऱ्या. तोटा वाढतो, तापमान वाढतं. शिवाय टोकदार कणावर विद्युतक्षेत्र एकवटतं आणि ठिणगी पडते.

लेखकांना हे माहीत नाही असं अजिबात नाही. निबंधात आकाराची अचूकता आणि खरखरीतपणा दोन्ही मोजलेत. खरखरीतपणा सुधारायचाय, निर्वातातलं वर्तन तपासायचंय, व्होल्टेज किती टिकतं ते बघायचंय, हेही सारांशातच सांगितलंय. मग त्याच सारांशात ‘व्यवहार्यता सिद्ध झाली’ हे कसं आलं? कशाची व्यवहार्यता? आकार छापता येतो, एवढंच सिद्ध झालंय. आरएफक्यूने करायच्या तीन गोष्टी, निर्वात धरणं, व्होल्टेज धरणं, वारंवारता धरणं, यातली एकही त्या निबंधात तपासलेली नव्हती. ट्रॅक्टरचं बॉनेट ओतून झालं म्हणून ट्रॅक्टर जमला असं आपण म्हणत नाही.

दुसरा मुद्दा ‘पाव’चा. रूढ पद्धतीत पाती सीएनसीवर कोरतात, मधे मधे तापवून ताण काढतात, मोजतात, पुन्हा कोरतात, आणि शेवटी निर्वात भट्टीत ब्रेझिंग करून जोडतात. चांदी-तांब्याचा मिश्रधातू ७८० अंशांना वितळून सांध्यात शिरतो. तांबं १०८५ अंशांना वितळतं, पण ७८० लाच ते मऊ पडलेलं असतं. भट्टीत एक पातं तीस मायक्रॉन सरकलं की महिनोन्‌महिन्यांचं काम भंगारात. पाव भाग छापताना हा सांधाच नसतो, म्हणजे सगळ्यात अवघड पेपर दिलाच नाही. नंतर या गटाने चारही पाती एकत्र छापली, आणि सांधा टळला हे खरं. पण मग आतून घासणार कसं? पात्यांच्या टोकांमधली फट काही मिलिमीटरची, हत्यार जात नाही. रसायनाने किंवा विजेने झिजवायचं, तर ती झीज उंचवट्यांवर आधी होते, आणि इथे सगळी कारागिरी त्या उंचवट्यांवर कोरलेल्या लाटांमध्येच आहे. सांध्याचा प्रश्न पृष्ठभागाच्या प्रश्नात बदलला, सुटला नाही.

उलट जिथे छपाई खरंच जिंकते ते निबंधात आहे, पण गाजलं नाही: पाण्याचे मार्ग. तांब्याचा सगळा आरएफक्यू एक अंशाने तापला तर ३५२ मेगाहर्ट्झच्या यंत्राची वारंवारता साधारण ६ किलोहर्ट्झने सरकते. थंड ठेवणं म्हणूनच जीव की प्राण. ड्रिलने सरळ भोकंच पडतात. छपाईत पाण्याची वाट वळवून थेट पात्याच्या टोकाजवळ नेता येते. (अर्थात एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला निर्वात आणि मधे छापलेली भिंत. त्या भिंतीत एकही छिद्र चालणार नाही.) सर्नमध्येच टायटॅनियमचे छापलेले रेडिओ-लोड आहेत, उरलेली लहर गिळून टाकणारे. तिथे खरखरीतपणा अडचण करत नाही, कारण लहर संपवायचीच असते. तंत्राला साजेसं काम दिलं की असं होतं.

निर्वाताचा विषय निघालाच आहे तर जिंतूरहून पुढे औंढ्याकडे बघा. ११ मे २०२३ ला पायाभरणी झालेल्या लायगो-इंडियाच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या असणार. तो त्वरक नाही, पण लांबच लांब पोलादी नळी, तिचे वेल्ड आणि हीलियम सोडून केलेली गळतीची तपासणी, हे कौशल्य त्याच घराण्यातलं. ते कुठल्याही प्रिंटरमधून निघत नाही.

आता मूळ प्रश्न, मशिनं स्वस्त होतील का? कॅन्सरचा लिनॅक इलेक्ट्रॉनचा असतो, ३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्यात आरएफक्यू नसतो. त्याची तांब्याची नळी आपल्याला येत नाही असंही नाही. पवईच्या समीर संस्थेने ती बनवली, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चंडीगडच्या पीजीआयमध्ये यंत्र लागलं, नंतर आपल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही लागलं. कोरीवकाम, ब्रेझिंग, ट्यूनिंग, सगळं इथेच. म्हणजे आकार करता येत नाही म्हणून आपण अडलेलो नाही. अडतं ते संख्येत, सुट्या भागांत, मशिन बंद पडल्यावर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसात. उपचार सुरू झाल्यावर मधे खंड पडलेला ट्यूमरला फायद्याचा ठरतो. त्या बंद दिवसांची किंमत ‘स्वस्त तांब्याची नळी’ या हिशोबात कुठेच धरलेली नसते.

माझी भीती साधी आहे. ‘अत्याधुनिक’ म्हटलं की पैसा प्रिंटरला मिळेल, आणि निर्वात भट्टीवर वीस वर्षं उभा राहिलेला माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी कोणी येणार नाही. त्याला कुठला सांधा किती घट्ट बसवायचा ते कळतं आणि त्यातलं बरंचसं कुठल्याच निबंधात लिहिलेलं नाही.

या गटाच्या पुढच्या निबंधांत मी चार आकडे शोधणार आहे: पॉलिशच्या आधी आणि नंतर अनुनादकाचा गुणांक किती, हीलियम चाचणीत गळती किती, पूर्ण व्होल्टेजवर ठिणगी न पडता किती तास, आणि एक चांगला तुकडा निघेपर्यंत किती तुकडे टाकून द्यावे लागले. शेवटचा आकडा सहसा कोणी छापत नाही. खर्च मात्र त्याच्यावरच ठरतो.