शीतनयंत्राचे श्रेय

पुंज-गणकयंत्र म्हणून जे चित्र सर्वत्र छापले जाते, ते वस्तुतः गणकयंत्राचे नसते. सोनेरी मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या एकीखाली एक टांगलेल्या, त्यांमधून बारीक नळ्या व तारा उतरलेल्या, असे जे झुंबर वाचकांस दाखविले जाते ते शीतनयंत्र होय. गणन करणारी चकती त्याच्या तळाशी, जेमतेम नखाएवढी. ती बहुधा दिसतही नाही. चित्र एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा दोष मथळे देणाऱ्यांपुरता असता तर त्याची येथे दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तोच दोष आपल्या विज्ञानविषयक लेखनात, आणि काही अंशी नियोजनातही, उतरला आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहा क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. श्रेयाचे वाटे तीन पडले. क्यूबिट आणि त्यांची वलयाकार अनुनादकाची रचना टाटा संस्थेची, नियंत्रणाची व मापनाची साधने पुण्याच्या संरक्षण-संशोधन प्रयोगशाळेची, आणि दुरून आज्ञा पाठविण्याची सोय टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची. ह्या वाटणीत शीतनयंत्रास स्थान नाही. मुंबईहून पुण्यास जाणारा जुना रस्ता पनवेल सोडल्यावर पळस्प्यास येतो, आणि तेथे गोव्याचा रस्ता त्यातून फुटतो. फाट्यावर उभा असलेला मनुष्य पुण्याचे नाव घेतो, गोव्याचे घेतो. ज्या रस्त्याने तो फाट्यापर्यंत आला त्याचे नाव कोणी घेत नाही. शीतनाची गत याहून वेगळी नाही.

तो रस्ता किती अवघड, हे पाहिले पाहिजे. अशा क्यूबिटाची वारंवारता सुमारे ५ गिगाहर्ट्‌झ असते. तिच्या एका पुंजाची ऊर्जा तापमानाच्या भाषेत सांगावयाची तर ०.२४ केल्व्हिन. भोवतालचे तापमान ह्याच्या कितीतरी खाली, म्हणजे १० ते २० मिलिकेल्व्हिन, असल्यावाचून क्यूबिट आपल्या तळच्या अवस्थेत टिकत नाही. येथवर सतत उतरण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे विरलन-शीतनयंत्र. हाइन्झ लंडन ह्यांनी ती कल्पना १९५१ मध्ये सुचविली आणि १९६४ मध्ये लायडेन येथे ती प्रत्यक्षात आली. हीलियम-३ व हीलियम-४ यांचे मिश्रण ०.८७ केल्व्हिनखाली दोन थरांत विभागते. खालच्या विरल थरात, केवल शून्यापर्यंत गेले तरी, सुमारे साडेसहा टक्के हीलियम-३ उरतेच. वरच्या थरातील हीलियम-३ खाली उतरताना उष्णता शोषून घेते. सामान्य बाष्पीभवनात बाष्पच संपत आले की शीतन थांबते. येथे ते थांबत नाही, ही ह्या युक्तीची खरी थोरवी. तथापि शीतनशक्ती तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १०० वरून २० मिलिकेल्व्हिनवर आले की ती पंचविसावा हिस्सा उरते, आणि प्रत्येक नव्या क्यूबिटाबरोबर उष्णता आणणाऱ्या तारा मात्र वाढतात.

शीतन हे केवळ साहाय्यक अंग नव्हे, ह्याचा पुरावा शोधण्यास कुलाब्याबाहेर जावे लागत नाही. ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. थमिळवेल आणि एस. रामकृष्णन् ह्यांनी शुद्ध बिस्मथच्या स्फटिकातील अतिसंवाहकतेवर लिहिलेला निबंध २०१७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १० मिलिकेल्व्हिनपर्यंत बिस्मथ सामान्य अवस्थेतच राहतो, हे पूर्वी ठाऊक होते. वाहक इलेक्ट्रॉन इतके विरळ असताना तो अतिसंवाहक होणे संभवनीयही मानले जात नव्हते. ह्या संशोधकांना ती अवस्था ०.५३ मिलिकेल्व्हिनखाली आढळली. त्यासाठी विरलनयंत्राच्याही खाली जाऊन, तांब्याच्या अणुकेंद्रांवरील चुंबकीय क्षेत्र हळूहळू उतरविण्याची पद्धत वापरावी लागली. शिवाय क्रांतिक क्षेत्र अवघे ५.२ मायक्रोटेस्ला, मुंबईतील पृथ्वीचे क्षेत्रच त्याच्या सातआठ पट भरते, तेव्हा स्फटिकाला त्यापासून आडोसा देणे आले. निबंधाची चर्चा झाली ती प्रस्थापित सिद्धांतास बसलेल्या धक्क्याची. धक्का खराच, पण १० मिलिकेल्व्हिनवर थांबलेल्या प्रयोगशाळेत हा प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती.

एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाचा खर्च ६००३.६५ कोटी रुपये असून आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटांचे यंत्र उभारण्याचे उद्दिष्ट आहे. त्याची केंद्रे चार: गणन, संदेशवहन, संवेदन व मापन, द्रव्ये व साधने. शीतनास स्वतंत्र केंद्र नाही. यंत्र विकत घेण्यात कमीपणा आहे असे मुळीच नाही; परंतु हीलियम-३ बाजारात मुबलक मिळणारी वस्तू नव्हे. ते मुख्यतः ट्रिटियमच्या ऱ्हासातून मिळते, ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षे, आणि त्याचे साठे बहुतांशी अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या हाती. हीलियम-३ वाचून चालणारी चुंबकीय पद्धतही पुढे येत आहे. २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी सोडियम-बेरियम-कोबाल्ट फॉस्फेट वापरून ९४ मिलिकेल्व्हिन गाठल्याचे प्रसिद्ध केले. क्यूबिटांस ते पुरेसे नाही.

कॅनडात जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतील ट्रिटियमपासून हीलियम-३ काढले जाते. जड पाण्याच्या भट्ट्या आपल्या तारापुरासही आहेत, आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्या पाण्यात ट्रिटियम तयार होतच असते. त्यातून वर्षाकाठी किती हीलियम-३ निघू शकेल आणि ते किती विरलनयंत्रांस पुरेल, हे गणित पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. असा प्रबंध आपल्या विभागात कोणी हाती घेतल्यास 'हा विषय यंत्रशाळेचा, भौतिकीचा नव्हे' म्हणून तो परत केला जाऊ नये.