मान, शील आणि नैपुण्य

मागील वर्षी आमचा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे दाखला मागण्यास आला. एका तालुक्याच्या गावी शिक्षकाची जागा त्यास मिळण्याचा संभव होता, आणि दाखला मराठीतच असावा असे तेथील शाळेच्या चालकांनी कळविले होते. असले दाखले आम्ही आमच्या नोकरीच्या काळात शेकड्यांनी लिहिले आहेत. परंतु ते बहुतेक सारे इंग्रजीत. इंग्रजीत ह्या कामास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. उमेदवार बुद्धिमान आहे, मेहनती आहे, त्याचे नैतिक वर्तन चांगले आहे, ही तीन वाक्ये ठरलेली असतात. आणि ज्यास आम्ही शेवटच्या बाकावर जेमतेम दोनदा पाहिले असेल, त्याच्याविषयीही ती लेखणीतून सुखाने उतरतात. त्या दिवशी मात्र ‘हे गृहस्थ प्रामाणिक आहेत’ एवढे मराठी वाक्य लिहिताना आमचा हात थांबला. जे इंग्रजीत बिनदिक्कत लिहिता येत होते, तेच मराठीत लिहिताना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यासारखे का वाटावे, ह्या प्रश्नाने आम्हांस बरेच दिवस सोडले नाही. त्याचा विचार करिता करिता जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

मनुष्याची योग्यता सांगू लागले की कोणत्याही भाषेस तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. लोक त्यास काय मानतात? तो स्वतः कसा आहे? आणि त्यास काय येते? पहिल्याचे उत्तर मान, दुसऱ्याचे शील, तिसऱ्याचे नैपुण्य. ह्या तीन गोष्टी एकमेकींपासून किती दूर ठेवावयाच्या आणि किती जवळ आणावयाच्या, हे प्रत्येक भाषा आपापल्या रीतीने ठरविते. आणि भाषांतरकाराची खरी फजिती होते ती येथेच.

प्रथम मान पाहू. हा बहुधा लोकांच्या डोळ्यांत राहतो, आणि भाषांनी त्याची खूण मुद्रेवर केली आहे. आपला ‘अब्रू’ हा शब्द फारसी आहे. त्यात ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. मोत्याचे पाणी आपण म्हणतो, तसे हे चेहऱ्याचे पाणी. ते गेले म्हणजे आपणांस तोंड दाखविण्यास जागा राहत नाही, आणि फारच झाले तर नाक कापले जाते. चिनी लोकांनी ह्या बाबतीत आपल्याहून बारीक विचार केलेला दिसतो. हू श्येन-चिन ह्या चिनी विदुषींनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असे दाखविले आहे की, त्यांच्या भाषेत चेहऱ्याचे शब्द दोन आहेत: वैभवाने आणि यशाने मिळणारा मान ‘म्येन्-त्झु’चा, आणि मनुष्याच्या सचोटीवर समाजाचा जो विश्वास असतो तो ‘ल्येन’चा. पहिला उसना घेता येतो, वाढविता येतो. दुसरा गेला तर समाजात वावरणेच कठीण होते. आपल्या ‘अब्रू’त हे दोन्ही चेहरे एकत्र मिसळले आहेत. कर्जबाजारी सावकाराची अब्रू जाते, ती पैशाने गेली की लबाडीने, हे शब्दावरून कळत नाही.

लॅटिन भाषेत ‘होनोस’ ह्या शब्दाचा अर्थ मान असा होता, आणि सरकारी अधिकाराचे पद असाही होता. इंग्रजीतील ‘ऑनर’ त्याचाच वंशज. इंग्रजी अमदानीत कायदेमंडळाच्या सभासदांमागे ‘ऑनरेबल’ हे पद लागू लागले, तेव्हा आपल्या लोकांनी त्याचे भाषांतर ‘नामदार’ असे केले. हे भाषांतर आम्हांस फार मार्मिक वाटते. ज्यास नाव आहे तो नामदार. ते नाव कशाने मिळाले ह्याची चौकशी शब्द करीत नाही.

ही चौकशी न करण्याची सोय नाटककारास कशी उपयोगी पडते, हे शेक्सपियरच्या ‘ज्यूलियस सीझर’ नाटकावरून दिसून येईल. सीझरच्या प्रेतापाशी बोलताना अँटनी मारेकऱ्यांस पुनःपुन्हा ‘ऑनरेबल’ म्हणतो. प्रथम त्या शब्दात प्रतिष्ठा आणि सचोटी दोन्ही असतात. प्रत्येक आवृत्तीबरोबर सचोटी गळत जाते, आणि अखेर श्रोत्यांच्या हाती केवळ प्रतिष्ठेचे टरफल राहते. आता भाषांतरकाराने येथे काय लिहावे? ‘प्रतिष्ठित’ म्हटले तर उपरोध साधत नाही. कारण ब्रूटस प्रतिष्ठित होताच, त्यात नाकारण्याजोगे काही नाही. ‘सच्छील’ म्हटले तर उपरोध पहिल्याच वाक्यात उघडा पडतो आणि जमाव सावध होतो. ‘माननीय’ हा तर सभेच्या इतिवृत्तातला शब्द. आमच्या मते ‘थोर’ हा साधा शब्द येथे सर्वांत जवळचा आहे. तो मनापासूनही म्हणता येतो, आणि ‘थोर आहेस, बाबा!’ ह्या वाक्यात तोच आवाजाच्या किंचित फरकाने उलटतो.

‘ऑनर’चे दुसरे अपत्य ‘ऑनेस्ट’. मुळात त्याचाही अर्थ मानास पात्र असा. सचोटीचा अर्थ मागाहून बळावला. ‘ऑथेल्लो’ नाटकात हा शब्द आणि त्याचे भाववाचक रूप मिळून ५२ वेळा येतात, अशी गणना विल्यम एम्प्सन ह्या टीकाकाराने १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात दिली आहे. आणि त्यांतील मोठा भाग इयागोच्या वाट्यास जातो. सर्वजण त्यास ‘ऑनेस्ट’ म्हणतात, म्हणून तो ‘ऑनेस्ट’. लोकांनी बहाल केलेले बिरुद म्हणूनच तो शब्द त्यास शोभतो.

मराठीत येथे ‘प्रामाणिक’ हाच शब्द येणार. देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० साली आले तेव्हापासून ही कथा मराठी रंगभूमीस परिचित आहे. परंतु ह्या एका शब्दाने मूळ नाटकावर जो प्रकाश पडतो, त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. ‘प्रामाणिक’ हा मूळचा न्यायशास्त्राच्या घरचा शब्द. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. त्यावर जे आधारलेले ते प्रामाणिक. हिंदीत हा शब्द अजूनही बहुधा ग्रंथाविषयी किंवा विधानाविषयी योजतात, आणि माणसाच्या सचोटीकरिता ‘ईमानदार’ म्हणतात. मराठीने, तसेच गुजराती व कानडी ह्या शेजारणींनी, तो माणसास लाविला. आता ऑथेल्लोची मागणी आठवावी. पत्नीच्या दोषाचा मला डोळ्यांना दिसेल असा पुरावा दे, असे तो इयागोस बजावतो. म्हणजे आपल्या परिभाषेत प्रत्यक्ष प्रमाण मागतो. इयागो त्याच्यापुढे एक रुमाल उभा करितो. ज्यास सगळे प्रामाणिक म्हणतात तोच खोटे प्रमाण निर्माण करितो, ही गाठ इंग्रजी शब्दात नाही; ती मराठीत आपोआप पडते. भाषांतरात मूळचे पुष्कळ हरवते, ही तक्रार नेहमीची आहे. क्वचित काही सापडतेही.

‘ईमान’ म्हणजे श्रद्धा. तो शब्द मराठीत ‘इमान’ होऊन आला आणि धन्याशी एकनिष्ठ राहणे ह्या अर्थी रूढ झाला. चोराचा नोकर इमानी असू शकेल. त्यास प्रामाणिक मात्र कोणी म्हणणार नाही. एकूण, एका भाषेने सचोटी लोकमान्यतेत पाहिली, दुसरीने श्रद्धेत, तिसरीने पुराव्यात.

शीलाच्या शब्दांतही असाच भेद आहे. इंग्रजी ‘कॅरॅक्टर’ हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ कोरलेला ठसा, जसा नाण्यावर असतो तसा. ठसा एकदा उमटला की उमटला. उलट आपले ‘चारित्र्य’ ‘चर्’ म्हणजे चालणे ह्या धातूपासून निघाले आहे; वर्तन, वागणूक, चालचलणूक हे सारे शब्द गतीचे. नाणे एका दृष्टिक्षेपात पारखता येईल, परंतु चाल समजण्यास काही अंतर बरोबर चालावे लागते. शेवटच्या बाकावर दोनदा पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या चारित्र्याविषयी मराठीत लिहिताना लेखणी अडखळते, त्याचे एक कारण हेही असावे.

नैपुण्याचे शब्द आपल्याकडे विपुल आहेत आणि त्यांत परिश्रमाच्या खुणा आहेत. निष्णात तो, ज्याने विद्येत मनसोक्त स्नान केले. पारंगत तो, जो पैलतीरास पोचला. वीणा चांगली वाजविणारा तो प्रवीण, आणि हात न कापता दर्भ तोडून आणणारा तो कुशल, ह्या व्युत्पत्त्या आपल्या पंडितांनी परंपरेने दिल्या आहेत. परंतु हेच शब्द बाजारात आले की त्यांचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. ‘उस्ताद’ म्हणजे गुरू. पण ‘तो मोठा उस्ताद आहे’ असे म्हटले की ऐकणारा आपला खिसा चाचपतो. ‘कसबी’ म्हणजे कुशल कारागीर. त्याचेच स्त्रीलिंगी रूप ‘कसबीण’ भल्या घरात उच्चारता येत नाही. ‘कलावंत’ आणि ‘कलावंतीण’ ह्यांचीही तीच कथा. पुरुषाच्या बाबतीत जे नैपुण्य मान वाढविते, तेच स्त्रीच्या बाबतीत तिच्या शीलावर शंका घेण्यास पुरेसे झाले. हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. लॅटिन ‘विर्तुस’ हा सद्गुणाचा शब्द ‘विर्’ म्हणजे पुरुष ह्यापासून झाला. आणि इंग्रजीत स्त्रीचा ‘ऑनर’ म्हणजे पुष्कळ काळ तिचे पावित्र्य एवढेच होते. गोमंतकातील ज्या कलावंत समाजास हा शब्द शतके चिकटून होता, त्यातूनच केसरबाई केरकर आल्या. त्यांस १९६९ साली पद्मभूषण मिळाले, तेव्हा देशाने मान दिला तो त्यांच्या नैपुण्यास. पण ‘कलावंतीण’ हा शब्द काही त्यामुळे निर्मळ झाला नाही. शब्दाचा अन्याय पदकाने धुऊन निघत नाही.

मग मान, शील आणि नैपुण्य ही तिन्ही एकत्र पाहणारी दृष्टी कोठे आहे की नाही? रोमन लोकांत केटोने वक्त्याची व्याख्या करिताना, बोलण्यात निपुण असा सज्जन, असे म्हटल्याचे क्विंटिलियन सांगतो. त्यात सज्जनपण पहिले आणि नैपुण्य नंतर. परंतु आमच्या मते ह्याहून खोल विचार एका अनपेक्षित ठिकाणी सापडतो, आणि ते ठिकाण म्हणजे पाणिनीचे व्याकरण. तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात काही कर्तृवाचक प्रत्ययांचा अर्थ सांगताना पाणिनी तीन प्रकारचे कर्ते एकाच सूत्रात बसवितो: तच्छील, तद्धर्म आणि तत्साधुकारी. काशिकाकारांनी ह्यांचा भेद उलगडून दाखविला आहे. फळाकडे न पाहता जो स्वभावानेच ते काम करितो तो तच्छील. तसा स्वभाव नसूनही, हा माझा धर्म आहे, अशा बुद्धीने जो करितो तो तद्धर्म. आणि जो ते चांगले करितो तो तत्साधुकारी. चटई विणणाऱ्यास जो प्रत्यय लागतो त्यातून ती त्याची प्रकृती आहे, त्याचे कर्तव्य आहे, अथवा त्याचा हातखंडा आहे, ह्यांपैकी कोणताही अर्थ निघू शकतो. शील, कर्तव्य आणि नैपुण्य ह्यांतील भेद वैयाकरणास पूर्ण ठाऊक आहे. तरी भाषा त्यांस एका छपराखाली नांदविते, हेही तो पाहतो.

मात्र ह्या सूत्राची उपासना करू लागण्यापूर्वी दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. काशिकेत ह्याच ठिकाणी तच्छीलाचे दुसरे उदाहरण आहे ते लोकांची निंदा करणाऱ्याचे! म्हणजे दुर्गुणही अंगवळणी पडतो, आणि व्याकरण त्यासही तोच प्रत्यय देते. ॲरिस्टॉटलने तर नैपुण्य आणि शील ह्यांत एक मर्मभेदी फरक सांगितला आहे. कलेत जो जाणूनबुजून चुकतो तो नकळत चुकणाऱ्यापेक्षा बरा, कारण त्यास निदान ती कला येते. सदाचाराच्या बाबतीत मात्र जाणूनबुजून चुकणारा अधिक वाईट. ज्या वैद्यास औषध ठाऊक आहे त्यासच विषही ठाऊक असते. म्हणून नैपुण्य हे शीलाचा पुरावा नव्हे. ‘मुलगा हुशार आहे ना?’ एवढेच विचारून जे आईबाप समाधान पावतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ह्या दोहोंची सांगड ज्यात खरोखर बसते असा एक शब्द आपल्या शास्त्रात आहे, तो ‘आप्त’. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास सांगावी अशी ज्यास इच्छा आहे, तो आप्त, असे न्यायभाष्यात वात्स्यायनाने सांगितले आहे. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ ह्या सर्वांस सारखेच लागू आहे, असेही तो स्पष्ट म्हणतो. ज्ञान आहे पण सांगण्यात कपट आहे, तो आप्त नव्हे; मन निर्मळ आहे पण ज्ञान नाही, तोही नव्हे. जात आणि पंथ ओलांडून जाणारी विश्वासार्हतेची ही व्याख्या! आज मराठीत ‘आप्त’ म्हणजे कोण? लग्नपत्रिकेतले ‘आप्तेष्ट’. जवळचा माणूस हा अर्थ संस्कृतातही होताच. परंतु आम्ही तेवढाच ठेवला, आणि दुसरा पंडितांच्या हवाली केला. त्याच्या जागी ‘तज्ज्ञ’ आला. तो त्या गोष्टी जाणतो हे खरे. परंतु जाणलेले तो सरळ सांगेल की नाही, ह्याविषयी शब्द मौन पाळतो. ज्यांस जे कळते त्यांजवर विश्वास नाही, आणि ज्यांजवर विश्वास आहे त्यांस ते कळत नाही, अशा काळात घरातल्या आजाऱ्याविषयी आपण डॉक्टराचे ऐकावे की मामांचे ऐकावे, ह्या घोटाळ्यात पडतो, तो काही अंशी ह्या दोन अर्थांच्या फारकतीचाच घोटाळा आहे.

शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे बोलणाऱ्याचे वर्तन नव्हे, हे आम्ही जाणतो. ‘प्रामाणिक’ हा शब्द पुराव्याच्या घरचा आहे म्हणून मराठी माणूस इतरांहून अधिक सचोटीचा ठरत नाही. परंतु शब्द प्रश्न विचारू शकतो, आणि तो ऐकावयाचा की नाही हे आपल्या हाती असते. आम्ही इंग्रजीतून जे शेकडो दाखले दिले, त्यांतील किती खरे होते हे आज आम्हांस सांगता येणार नाही. तो दोष इंग्रजीचा नव्हे. परक्या भाषेतील ठरीव वाक्याआड आमची जबाबदारी आम्ही लपविली होती, तो दोष आमचा.

त्या विद्यार्थ्यास आम्ही दुसऱ्या दिवशी येण्यास सांगितले, आणि त्याच्याविषयी आम्हांस स्वतः काय ठाऊक आहे, ते आठवू लागलो. एकदा उत्तरपत्रिका परत दिल्यावर तो आमच्या खोलीत आला होता. गुणांची बेरीज आमच्या हातून चुकली होती आणि त्यास सहा गुण अधिक पडले होते. ते कमी करून घेऊन तो गेला, आणि त्याचा वर्ग त्यामुळे खाली आला. दाखल्यात आम्ही हे एवढेच लिहिले, आणि त्याखाली ‘हे गृहस्थ प्रामाणिक आहेत’ असे लिहून सही केली.